पान सतरा, मालकाची जबाबदारी

...नाही, पण मी म्हणतो, पुस्तिका खराब होऊ नये म्हणून लॅमिनेट करून आणली, यात माझं काय चुकलं हो? बंदच करून आणली, मान्य! पुढच्या पानापासून मागच्या पानापर्यंत एकसंध, पाटासारखी गुळगुळीत! उघडता येत नव्हती, तेही मान्य! पण वॉरंटीची पुस्तिका उघडतो कोण? ती कपाटात असते आणि आपण निर्धास्त असतो... वॉरंटी आहे ना!

तुम्हाला सांगतो, गेल्या वर्षी रिटायर झालो आणि ट्रेलर घेतला. गाडीच्या मागे जोडायचा नि ओढत न्यायचा, चाकांवरचं घरच ते. गाद्या, ओटा, मोरी, सगळं आत! कागद मी मोठ्या मनानं बायकोच्या नावावर केले. म्हटलं, "अगं, तू मालकीण!" आता हे आपण बोलायचं म्हणून बोलतो की नाही? तिनं मनावर घेतलं!

"अहो, दर तीन महिन्यांनी छताचे सांधे बघायचे असतात." म्हटलं, वॉरंटी आहे ना! "अहो, पहिल्या प्रवासानंतर चाकांचे नट आवळायचे असतात." वॉरंटी आहे ना! "अहो, निदान टायरमधली हवा..." हवेलासुद्धा वॉरंटी आहे! हे मी बोललो. मी! आणि कूस बदलून झोपलो.

मग लेकीचा फोन. आठवा महिना, डॉक्टरांनी सांगितलंय पडून राहा, जावई दिवसभर कामावर, घर म्हणजे एक खोली. ही म्हणाली, "रडू नकोस, आम्ही येतो, ट्रेलर तुझ्या दारात लावतो." सामान भरायला म्हणून दार उघडलं आणि... काय सांगू! छतातून पाणी, भिंत फुगलेली, गादी चहात बुडवलेल्या पावासारखी! लेक तिकडे एकटी, आणि आमचं घर गळतंय. पण तोंडानं मी काय म्हटलं असेल? बरोबर!

ट्रेलर ओढत गेलो कंपनीच्या वर्कशॉपात. तिथला तपासनीस, हडकुळा, कानावर पेन्सिल. मी तो पाट त्याच्या टेबलावर आपटला. त्यानं उलटा केला, सुलटा केला, नखानं उचकटून पाहिला. "काका, हे उघडत नाही."

"उघडायचं कशाला? वॉरंटी आहे ना!"

"काका, तसं नसतं. बनवताना चूक झाली तर आमची. निगा राखली नाही तर तुमची. पान सतरा, मालकाची जबाबदारी. तपासणीची नोंद दाखवा."

नोंद? माझ्याकडे कसली नोंद? माझ्याकडे पाट! मी घाम पुसतोय, लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे... आणि शेजारून पर्सची चेन उघडल्याचा आवाज. वही! शंभर पानी, कव्हर घातलेली! अमुक तारीख, छत पाहिलं, सांधे पुसले. तमुक तारीख, नट आवळले, हवा भरून घेतली. लॅमिनेट करायच्या आधीच या बाईनं पान सतरा उतरवून घेतलं होतं हो! मी दुपारी घोरत पडलो की ही शिडी लावून छतावर! मला वाटायचं, शेजारी गप्पा मारायला गेली.

तपासनीस खुर्चीतून उठला. ट्रेलरच्या छतावर चढला, बोटानं दाबून पाहिलं, उतरला, आत डोकावला. "मावशी, नोंदी चोख आहेत. मागचा सांधा आतून कच्चाच राहिलाय, वरून कुणालाही दिसला नसता. चूक आमची. भिंत, गादी, सगळं आम्ही करून देऊ." मग माझ्याकडे वळला. "ही खुंटी कुणी ठोकली?" मी. "टेबलाचा पाय कसा मोडला?" बल्ब बदलायला वर उभा... "काका, हे दोन्ही तुमचं." म्हणजे बघा! जे त्यांनी बिघडवलं ते वॉरंटीत, जे मी बिघडवलं ते बाहेर!

पण माणूस सोन्यासारखा हं. लेकीचं ऐकलं आणि रांगेतली दोन कामं बाजूला ठेवून आमचं आधी घेतलं. चौथ्या दिवशी ट्रेलर हातात! त्याचे उपकार मी विसरणार नाही. पोचलो, आणि महिन्याभरात नात झाली. बाहेर धो धो पाऊस, आणि आत कोरड्या गादीवर ती एवढीशी मुठी आवळून झोपलेली! मला भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा हिला स्पष्ट म्हटलं, "अगं, तू होतीस म्हणून आज आपण इथे आहोत."

ती म्हणाली, "आभार राहू द्या. तीन महिने होत आलेत. मी शिडी धरते, चढा."

तेव्हापासून मी वर, ती खाली, वही तिच्या हातात. काल ती बाळाला न्हाऊ घालत होती, म्हटलं, बघू तरी काय लिहिते. "छत पाहिलं. सांधे ठीक. नट ठीक. नवरा... चढताना गुडघे वाजतात, बडबड चालू. वॉरंटी नाही. चालवून घेणे."