होडी माझ्या नावावर

...आणि वर मलाच विचारतात, होडी धुता का तुम्ही? मला! अहो, तुम्हाला सांगतो, सहा वर्षं दर रविवारी धुतोय मी ती होडी, आणि धुतोय म्हणजे नुसतं पाणी मारत नाही, तळ, वल्ही, गळाच्या पेटीचे कोपरे... इंजिनाच्या पात्याला तर दात घासायचा ब्रश लावतो. चष्म्याच्या दुकानात जन्म गेला माझा, डाग दिसला की हात राहत नाही. आणि तळ्यावर पाटीच आहे ना, दुसऱ्या पाण्यातून आलेली होडी धुवा, आतलं पाणी काढा, पाच दिवस वाळवा. टेकडीपलीकडच्या तलावात ती परकी पाणवनस्पती शिरली, पिसासारखी, दिसायला गोड, पण बोटभर तुकडा पडला तरी तिचं रान माजतं. तिकडे आता पोहणं बंद. आमचं तळं तेवढं वाचलेलं. मग मी जपलं, तर माझं काय चुकलं?

होडी दोघांची, माझी आणि मेहुण्याची. बायकोचा धाकटा भाऊ. कागदावर नाव माझं, होडी उभी त्याच्या अंगणात. मागे एका रविवारी पाण्यात उतरवणार, तोच पात्याला काहीतरी हिरवं दिसलं. चष्मा पुसला, परत पाहिलं. पीस! आमच्या तळ्यात नसलेलं पीस आमच्या होडीला! मी मेहुण्याकडे पाहिलं. हा गृहस्थ आकाशाकडे बघतोय, ढग मोजल्यासारखा.

मग हळूहळू बाहेर आलं. चार महिने दर शनिवारी हा पलीकडच्या तलावावर जातो. मला न सांगता. आमच्या होडीतून! का, विचारलं मी. तर खाली मान घालून म्हणतो, "भाऊजी, तुमच्याबरोबर आलं की धुण्यातच दिवस जातो. मासे कधी धरायचे?"

सांगा, माझं काय चुकलं?

घरी येऊन बायकोला सांगायला गेलो, तर तिला सगळं ठाऊक! शनिवारचा डबा हीच भरून देत होती. म्हणे, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. आता वाटलं नाही का वाईट? चार महिन्यांचं एकदम वाटलं!

पण त्याआधी तळ्यावर काय झालं ते ऐका. ते पीस मी स्वतः रखवालदाराला नेऊन दाखवलं. लपवलं असतं तर? तर तळं गेलं असतं. त्याने काठ तपासला, तर जिथे आम्ही होडी उतरवतो तिथेच सतरंजीएवढं रान उगवलेलं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून आम्ही तिघांनी ते मुळासकट काढलं, तुकडा न तुकडा वेचला, दोन बादल्या भरल्या. वेळेत सापडलं, तळं वाचेल, म्हणाला तो. आणि मग वही उघडून विचारलं, होडी कोणी नेली होती तिकडे? मेहुणा परत ढगांकडे. आता बायकोच्या भावाचं नाव मी कुठल्या तोंडाने घेऊ? मला त्याच घरात जेवायचंय. म्हटलं, होडी माझ्या नावावर आहे, लिहा.

लिहिलं. होडीला महिनाभर कुलूप, आणि मला 'होडी कशी धुवावी' या वर्गाला तीन रविवार हजेरी. मला! गेलो. पहिल्या बाकावर बसलो. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, पात्याची मागची बाजू सांगायला विसरल्या, तीही मीच दाखवली. शेवटच्या दिवशी त्या मायेने म्हणाल्या, "काका, उशिरा का होईना, तुम्हाला स्वच्छतेची सवय लागली."

मी हो म्हटलं... काय सांगणार?