मानेचा पट्टा

विमा कंपनीच्या ऑफिसात माझ्या मागच्या बाकावर मायलेक बसले होते.

"आई, मानेचा पट्टा काढू नकोस. साहेब आत्ता बोलावतील."

"गाडीत आपटला अंगठा, नि पट्टा मानेला? तोही शेजारच्या काकूंचा?"

"गाडीला नुसता पोचा आलाय. अंगठ्याचं कोण खरं मानणार?"

"मी मानायला लावीन. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, आता कात्री धरवत नाही."

"सगळे असंच सांगतात, म्हणाले ना साहेब!"

"म्हणून मीही खोटं बोलू? ते पकडलं की माझं खरंही बुडालं."

"मग आत जाऊन करणार काय?"

"पिशवीत कात्री आणि कापड आणलंय. त्यांच्यासमोर कापायला बसते."

"अगं, पण तुला कापता येणार नाही!"

"तेच बघू दे त्यांना. धर हा पट्टा."