नाव घ्यायला मोठं माणूस हवं

(नेपल्समधलं चादरी-पडद्यांचं दुकान, रविवार म्हणून शटर अर्धं खाली. दुकानाचे मालक, चीनमधून येऊन इथे स्थिरावलेले आजोबा, त्यांचा मुलगा वेनहाओ आणि सुनेची आई आसुंता. वर माडीवर सून नुंझिया आणि तिचं आठ दिवसांचं बाळ.)

आजोबा : जिवंत माणसाचं नाव पोराला ठेवताय! मी काय तुमचं घोडं मारलंय?

आसुंता : घ्या! ऐकलंस, जावईबापू? मान द्यायला गेलं तर हे अंगावर येतात. अहो व्याहीबुवा, आमच्याकडे पहिला नातू बापाच्या बापाचंच नाव लावतो. मी ठेवलं नसतं, तर सासऱ्यांनी मला घराबाहेर काढलं असतं.

आजोबा : आणि माझ्या वडिलांनी ठेवणाऱ्याला काढलं असतं. आमच्या गावात आज्याच्या नावातलं अक्षरसुद्धा नातवाला देत नाहीत.

वेनहाओ : जरा हळू. बाळ आत्ता कुठे झोपलंय.

आजोबा : तू बोलूच नकोस. माझं नाव यांना सांगितलं कुणी?

वेनहाओ : मी तोंडाने नाही घेतलं, बाबा. कागदावर लिहून दिलं.

आसुंता : खरंच हो. विचारलं तर याची दातखीळच बसली. एवढा घोडा झालाय, पण बापाचं नाव घेईल तर शपथ! मला इतकी वर्षं वाटायचं, तुम्ही पेप्पेच.

आजोबा : पेप्पे हे माल देणाऱ्याने ठेवलेलं. मी नवीन आलो तेव्हा त्याला माझं नाव बोलता येईना. म्हणाला, आजपासून तू पेप्पे. म्हटलं, असू दे, चादरी विकायला पुरेल.

आसुंता : पण असलं गोड नाव लपवून कशाला ठेवायचं? श्वेगन! आरशासमोर उभी राहून घोकलंय मी. अर्थ काय त्याचा?

आजोबा : पाण्याचं मूळ. ज्योतिषी म्हणाला, पोराच्या पत्रिकेत पाणी कमी आहे. मग वडिलांनी ते नावात घातलं.

आसुंता : आणि तुम्ही थेट समुद्राकाठी दुकान थाटलंत! लागू पडलं की. नातवालाही पडेल.

आजोबा : विहीणबाई, तुम्हाला कळत कसं नाही? उद्या हा पोरगा भिंतीवर रेघोट्या ओढेल. तुम्ही माडीवरून ओरडाल, "श्वेगन, गाढवा, कानफटात हवी का?" आणि ते ऐकणार कोण? मी! इथे, गिऱ्हाइकासमोर!

आसुंता : हं... ओरडते खरी मी.

वेनहाओ : गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं, आई.

आसुंता : तू गप रे. व्याहीबुवा, उद्या नोंदणीचा शेवटचा दिवस. नुंझिया हटून बसलीय, सासऱ्यांना मान दिल्याशिवाय नावच लिहिणार नाही म्हणते. सकाळपासून डोळ्याला रुमाल आहे तिच्या.

आजोबा : रडतेय? ओली बाळंतीण, आणि मला कुणी सांगायचं नाही? आलं नि तांदळाची दारू घालून सूप पाठवलं होतं, ते तरी प्यायली का?

आसुंता : नाक दाबून प्यायली. विषय बदलू नका.

आजोबा : बदलत नाही. हे बघा, आमच्याकडे प्रत्येक पिढीचं एक अक्षर आधीपासून ठरलेलं असतं. याच्या पिढीचं 'वेन'. बाळाच्या पिढीचं 'आन'. आन म्हणजे शांत.

आसुंता : शांत! काल आंघोळीच्या वेळी ऐकलंत ना त्याला?

आजोबा : म्हणून तर हवं. दुसरं अक्षर तुम्ही निवडा. तुम्ही अर्थ सांगा, अक्षर मी देतो.

आसुंता : मी निवडू? खरंच?... मग समुद्रातलं काहीतरी द्या. नेपल्सचं पोर आहे.

आजोबा : लाट. बो. आनबो.

आसुंता : आनबो. आनबो, गाढवा, कानफटात हवी का?... बसतंय हो तोंडात!

वेनहाओ : बसलं. माझी सुटका झाली.

आसुंता : थांब, अजून झालेलं नाही. व्याहीबुवा, तुमच्या नावाचं काय? ते तसंच पडून राहणार? त्या नावाने तुम्हाला हाक तरी कोण मारतं?

आजोबा : कोण मारणार? लहानांनी घ्यायचं नाही आणि मोठे सगळे गेले. याची आई मारायची. भांडताना जरा जास्तच. ती गेली, मग संपलंच ते.

वेनहाओ : बाबा...

आजोबा : अरे, त्यात काय? पेप्पेला हाकांचा तोटा आहे का?

आसुंता : म्हणजे, मोठ्यांनी घेतलेलं चालतं.

आजोबा : मोठ्यांनी चालतं. पण मी अडुसष्टचा. तुम्ही?

वेनहाओ : आई चौसष्ट. मागच्या महिन्यात केकवर मीच लिहून घेतलं.

आसुंता : वेनहाओ, शटर पूर्ण खाली ओढ.

वेनहाओ : का?

आसुंता : ओढ म्हणते ना! हां. आता ऐका. माझा नवरा ही गोष्ट पोटात ठेवून वर गेला. मला सत्तर पूर्ण झालीत.

वेनहाओ : सत्तर? मग केकवर...

आसुंता : चौसष्टमध्ये मला बरं वाटत होतं, मी तिथेच थांबले. गल्लीत कुठे बोललास, तर जीभ उपटून हातात देईन.

आजोबा : विहीणबाई, तुम्ही मुद्दाम वाढवून सांगताय.

आसुंता : अहो, नेपल्सची बाई वय वाढवून सांगेल का कधी?

आजोबा : ...नाही.

आसुंता : मग झालं तर. मी तुमच्याहून मोठी. मोठी बहीण समजा. आता वर जाते, लेकीचे डोळे पुसते आणि रस्सा बघते, नाहीतर लागायचा बुडाला.

वेनहाओ : बाबा, राग नाही ना आला तुम्हाला?

आजोबा : या बाईचा काही नेम नाही. तो पडदा आण इकडे, घडी विस्कटलीय.

वेनहाओ : त्याची घडी नीट आहे, बाबा.

आजोबा : आण म्हणतो ना.

आसुंता, माडीवरून : श्वेगन! अहो श्वेगन! पानं वाढलीत, निवतंय सगळं!

वेनहाओ : बाबा, गल्लीच्या टोकापर्यंत गेलं ते.

श्वेगन : जाऊ दे.

आसुंता, माडीवरून : श्वेगन!

श्वेगन : आलो.