अक्काचं ‘घेतलं!’

मंडळी, आपल्या हट्टा गावातले अन् वसमतहून आलेले समदे, बसून घ्या. मला मेंढ्यांपुढं बोलायची सवय हाय, माणसांपुढं न्हाई. त्यात सुनंदाअक्का माझी सख्खी थोरली बहीण. आवाज फुटला तर संभाळून घ्या. पण रडायचं न्हाई. अक्का हसरी होती, हसरीच सांगतो.

अक्का वसमतच्या कॉलेजात जंतूंचं शास्त्र शिकवायची, अन् सुट्टी लागली की नांदेडच्या प्रयोगशाळेत पळायची. काहून? तर जंतूचं एक प्रोटीन माणसाच्या पेशीत घालायला! मी म्हणलो, "अक्का, सारा जन्म आमाला हात धुवायला लावलंस, अन् आता तूच जंतू आत घालून राहिलीस?"

लई हसली. म्हणली, "आरं येड्या, जंतू न्हाई, त्याचं प्रोटीन. पेशीत शिरायचं त्याला बराबर जमतं. त्याचा इखारी तुकडा काढायचा अन् तिथं दवा जोडायची. जी दवा बाहेरच अडकती, ती आत जाईल."

तरी मला कळंना. मग म्हणली, "बाबा परकं कोकरू मेंढीला लावायचे ना, तसं."

आता कळलं! मेंढीचं कोकरू मेलं, की बाबा त्याचं कातडं दुसऱ्या पोरक्या कोकरावर पांघरायचे. मेंढी हुंगायची, वास आपल्याच कोकराचा हाय का ते बघायची. तवर मेंढवाड्यात कुणी बोलायचं न्हाई, खोकायचं सुदिक न्हाई. तिनं पाजलं, की बाबा वरडायचे, "घेतलं!" अन् आमी भावंडं नाचायचो.

एक दिवस अक्काचा फोन आला. हॅलो न्हाई, काही न्हाई. "घेतलं रं, घेतलं!" नुसतं प्रोटीन पेशीत शिरलं होतं. मी मेंढ्यांत एकटाच नाचलो.

मग ऱ्हायलं दवा जोडायचं. तेवढ्यात अक्का आजारी पडली. दवाखान्यात पडल्या पडल्या अक्का एकच इचारायची, "रुबीनाचा फोन आला का?" रुबीना तिची विद्यार्थिनी, प्रयोगशाळेत तेच काम पुढं नेणारी. ही काय, पुढंच बसलीय. फोन आला न्हाई. अक्का गेली.

फोन काल आला. पोरगी रडून राहिली का हसून राहिली, समजंना. म्हणली, "मामा, दवेसकट घेतलं."

अजून हे काचेच्या बशीतल्या पेशींतच हाय. माणसाला द्यायला लई वर्षं लागतील म्हणती. लागू द्या! अक्काचं कोकरू पाजलं गेलं, मंडळी. मला लई आनंद झालाय.

आता उठा. शांतता पाळू, पण दुखवट्याची न्हाई. मेंढी हुंगत असताना मेंढवाड्यात असायची, ती. कुणी खोकू नका.

अन् रुबीना, शेवटी तू वरड. मोठ्यानं. अक्काला ऐकू गेलं पाहिजे.