गुनारच्या वाडीतला चकवा

ऐका. चकवा आपल्याच रानात लागतो असं समजू नका. माझी धाकटी नणंद इंदुमती विलायतेत नर्स आहे, तिला तो तिकडं लागला.

थंडीचे दिवस. तिकडं चारलाच काळोख पडतो. गाडी चिखलात रुतली, म्हणून ती शेतातल्या पायवाटेनं निघाली. पुढं मार्था म्हातारी एकटीच राहते. तिला पाचला इन्सुलिन टोचायचं. उशीर झाला असता तर म्हातारीचं काही खरं नव्हतं.

गावाचं नाव गुनारबी. मार्थानंच मागं सांगितलेलं, 'बी' म्हणजे वाडी. हजारेक वर्षांपूर्वी गुनार नावाचा माणूस डेन्मार्कहून नावेनं आला, रान तोडलं, घर बांधलं. ती गुनारची वाडी. पाटीवर नाव अजून आहे, पण घेतं कोण? सगळे पिनकोड सांगतात. तिकडं पिनकोड सांगितला की फोन थेट दारापर्यंतची वाट दाखवतो. इंदूनंही वेशीवर फोनला पिनकोडच सांगितला. तिथंच चुकली बिचारी.

मोडक्या फाटकातून आत शिरली. चालली, चालली. पुढं तेच मोडकं फाटक. पुन्हा चालली. पुन्हा तेच. मग फोन बंद पडला. लांब कंदील दिसला म्हणून त्याच्या मागं गेली, तर पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. आणि पाठीमागून हाक आली, "इंदेऽ". वारलेल्या बापाचा आवाज, बरं का. तिनं ओ दिली नाही. मफलर दातांत धरून उभी राहिली.

चिखल मांडीला लागला. तेव्हा तिला आठवलं, आपल्याकडं अंधारात वेस ओलांडताना म्हसोबाला सांगून जातात. ती म्हणाली, "गुनारबाबा, तुमच्या वाडीत लेक आलीय. म्हातारीला औषध न्यायचंय. वाट द्या."

कंदील थांबला. अंधारात कुणीतरी मोठा श्वास सोडला. इंदू सांगते, वहिनी, मला भीती राहिलीच नाही, गुनारची कीवच आली, किती वर्षांत कुणी त्याचं नाव घेतलं नसेल.

चिखल सुटला. कंदील पुढं, ती मागं, थेट मार्थाच्या दारापर्यंत. सुई वेळेत टोचली. मार्था म्हणाली, "तुझ्याबरोबर कोण होतं गं?" उंबऱ्याशी ओल्या पावलांच्या दोन ओळी होत्या. एक अनवाणी, हातभर लांब.

तेव्हा अंधारात रानातली वाट धरू नका. धरलीच तर ज्याची वाडी, त्याचं नाव घेऊन धरा.

आता सांगा, आपली ही सटवाजीवाडी. सटवाजी कोण होता?

एकमेकांकडं बघताय ना? मग आज घरी जाताना जपून जा रे.