टेकायचा राहिलेला गुडघा

ग्रीसमधल्या पिरेअसच्या हाडांच्या दवाखान्यात लाझारोस प्लास्टरचा पाय पुढे करून बसला होता. शेजारी म्हातारे संगीतकार मिल्तोस होते. त्यांच्या चाली लाझारोसच्या आजीपासून सगळे गुणगुणत. पलीकडे एक म्हाताऱ्या बाई येऊन बसल्या.

“मिल्तोस, ओळखलंस?”

“इव्हान्थिया! तश्शीच आहेस गं.”

“खुबा आणि दात सोडून.”

“मी वाजवायचो त्या खानावळीत रोज माझ्याच गाण्याची फर्माईश करून एकटी नाचायचीस.”

“ज्याची फर्माईश, त्यानंच नाचायचं. पण आपल्या माणसानं समोर गुडघा टेकून टाळ्या वाजवायच्या असतात. मी तुझी वाट बघायचे.”

“मी मंचावरून उतरलो असतो तर वाजवलं कुणी असतं?”

“म्हणून तर परत फर्माईश करायचे.”

“मला वाटायचं, तुला गाणं आवडलंय. तू जास्त वेळ दिसावीस म्हणून मी दरवेळी लय आणखी संथ करायचो. रेकॉर्डवाल्यांनी तीच लय उचलली. आता अख्खा देश सावकाश नाचतो.”

“माझ्या लग्नातही तेच वाजलं. संपता संपेना. नवरा कंटाळून जेवायला बसला.”

“आहेत का ते?”

“गेले. जेवूनच गेले.”

“आणि तू? नाचतेस अजून?”

“खुबा नवा आहे. समोर गुडघा टेकायला कुणी नाही.”

नर्सनं मिल्तोसचं नाव पुकारलं. डॉक्टर दारातच उभे होते.

“काय आजोबा, गुडघा टेकून बसलात तर उठता येतं का?”

“उठायचंय कुणाला? तेवढा टेकेल असं करा.”