नायकाची उडी

डोळ्यांच्या दवाखान्यात बाहुल्या मोठ्या करायचं औषध घालून माझ्या शेजारच्या आजोबांना डोळे मिटून बसवलं होतं. नात त्यांना युद्धावरची कादंबरी वाचून दाखवत होती.

"आजोबा, छातीत गोळी लागली तरी नायक म्हणतो, 'जगणं किती सुंदर आहे!'"

"मग खंदकाबाहेर उडी कशाला मारली?"

"शौर्य असतं ते."

"गोळी लागल्यापासून बोलतोच आहे ना गं?"

"तिसरं पान चालू आहे."

"आमच्यात कुणाला एवढा दम नव्हता बुवा."

"तुमच्या खंदकातून कुणीच उडी मारली नाही?"

"एक निघाला होता. मी त्याचा पाय धरला तो सोडलाच नाही. बुटानं लाथा घातल्या त्यानं. हे पुढचे दात तेव्हाच गेले."

"मग?"

"मग काय, माझं पदक हुकवलंस म्हणून वर्षानुवर्षं माझ्या नावानं खडे फोडले."

"कधीपर्यंत?"

"त्याची मुलगी आपल्या घरात सून होऊन आली, तेव्हा कुठे गप्प बसला."

"म्हणजे... आईचे बाबा?"

"आजोबा, डोळे उघडू नका हो!" सिस्टर ओरडल्या.

"मिटले, बाई, मिटले. तू वाच गं पुढे. मेला का तो, की अजून बोलतोय?"